जवाईबुवांनी कबूल केलेलं झाड

आमच्या जवाईबुवांना ‘नाही’ म्हणता येत नाही. जीभ आहे, दात शाबूत आहेत, आवाज खणखणीत आहे. पण तो एक शब्द काही केल्या तोंडातून पडत नाही. नाव रामकिसन, वय अडुसष्ट, मुक्काम मेडशी. माझ्या मोठ्या बहिणीचा, गोजराबाईचा, नवरा; तिला मी नुसतं बाई म्हणतो. मी बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, म्हणजे ‘नाही’ म्हणणं हाच माझा धंदा. जागा नाही, सुट्टे नाहीत, इथं थांबा नाही. निरनिराळ्या डेपोंत राहून माझ्या बोलीची खिचडी झाली, पण ‘नाही’ सगळीकडं सारखंच चालतं. निवृत्त झाल्यावर बहिणीच्या शेजारी घर बांधलं आणि फसलो. तेव्हापासून जवाईबुवांनी जगाला ‘हो’ म्हणायचं आणि कंडक्टर मामानं ते निस्तरायचं, असं चाललं आहे.

एक गोष्ट सांगतो, म्हणजे माणूस कळेल. मी मालेगाव–रिसोड गाडीवर होतो. जवाईबुवा बियाणं आणायला निघाले होते. शेजारच्या सीटवरच्या म्हाताऱ्यानं त्यांच्याकडं निरखून पाहिलं आणि विचारलं, तुम्ही अनसिंगचे गणपतराव ना? म्हाताऱ्याला इतका आनंद झालेला की जवाईबुवांना त्याचं मन मोडवेना. हो म्हणाले. मग म्हाताऱ्यानं त्यांना रिसोडला उतरवलं, घरी नेलं, पुरणपोळी खाऊ घातली आणि दोन भावांच्या धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणात पंच म्हणून बसवलं. हे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आले. बियाणं नाहीच. भांडण मात्र मिटवून आले होते, आणि ते आजतागायत मिटलेलं आहे असं ऐकतो. मी म्हटलं, अहो, खरे गणपतराव भेटले म्हणजे? तर म्हणाले, भेटले तं त्याईले बी हो म्हनू.

तर असा हा माणूस. त्याचा मुलगा ऋषिकेश चौदा वर्षांपासून अमेरिकेत. सून उज्ज्वला पुण्याची. त्यांना आठ वर्षांची एक मुलगी, तिचं नाव संस्कृती. ती दोन वर्षांची असताना मेडशीला आली होती, ती थेट या डिसेंबरात आली. मधली सहा वर्षं आजोबा-नातीची भेट फोनवरच. ती समोर यायची, ‘हाय आजोबा’ म्हणायची आणि पळायची. मग जवाईबुवा फोनमध्ये नुसती तिची रिकामी खुर्ची बघत बसायचे. ऋषिकेश म्हणायचा, बाबा, ठेवू का? तर हे म्हणायचे, राहू दे, येईन ती. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही.

अठरा तारखेला मंडळी आली. पहिल्याच संध्याकाळी उज्ज्वलानं बेत सांगितला. पुण्याला तिच्या वडिलांच्या सोसायटीत नाताळचं मोठं झाड लावतात, सांताक्लॉज येतो, पोरांना खाऊ वाटतात. संस्कृतीचा हाच मोठा सण. तेव्हा चोवीसला सकाळी पुण्याला निघायचं आणि चार जानेवारीचं विमान तिकडूनच गाठायचं. उज्ज्वला वाईट मनाची नाही, तिनं आधी बाईच्या हाताला हात लावून मग सांगितलं. पण हिशेब व्हायचा तो झालाच. सहा वर्षं वाट पाहिली आणि वाट्याला सहा दिवस आले. जवाईबुवांनी नुसती मान डोलावली. बोलणार काय, ‘नाही’ तर येतच नव्हतं.

तेवढ्यात पोरगी बापाला इंग्रजीत काहीतरी म्हणाली. ऋषिकेश हसला. म्हणाला, पुण्याचं झाड प्लास्टिकचं आहे म्हणून ती कुरकुरते आहे. तिकडं ते दर वर्षी खरं झाड आणतात. गावाबाहेर या झाडांची शेतं असतात. तिथं जायचं, हिंडून आपलं झाड आपण निवडायचं, आपल्या हातानं करवतीनं कापायचं, गाडीच्या टपावर बांधून घरी आणायचं. मग ते सजवायचं, खाली भेटवस्तू ठेवायच्या आणि पंचवीसला सकाळी उघडायच्या.

जवाईबुवा एकदम सरसावून बसले. त्यांना बाकी काही नाही, ‘शेत’ तेवढं ऐकू आलं. पेरा कवा असते? किती दिवसात निघते? ऋषिकेश म्हणाला, आठेक वर्षं लागतात. आठ वर्षं एकच पीक उभं? मंग रोही-डुकरं ते खात असतीन? ऋषिकेश म्हणाला, तिकडं हरणं खातात, कुंपण करावं लागतं. हे ऐकून जवाईबुवांना अमेरिकेबद्दल पहिल्यांदाच जिव्हाळा वाटला. आपल्यासारखंच हाये म्हणा, असं म्हणून त्यांनी नातीकडं पाहिलं आणि तोंडातून जे जायचं ते गेलंच.

“खरं झाड पाह्यजे तुले? हाये ना. तेवीस तारखेले घरात उभं करतो. मंग तं इथंच राहशीन ना?”

पोरीनं विचार केला. खरं झाड मिळालं तर ख्रिसमस इथंच करायचा, असा तिनं निकाल दिला. उज्ज्वलानंही मान्य केलं; मग पुण्याला सव्वीसनंतर जाऊ म्हणाली. आणि तेवीसपर्यंत नाही मिळालं तर चोवीसला सकाळी जीप दारात. सौदा ठरला.

मी जवाईबुवांना बाजूला घेतलं. म्हटलं, झाड कुठं आहे? म्हणाले, पाहू ना. म्हटलं, वाशीम जिल्ह्यात असलं झाड कोणाच्या बापानं लावलंय? तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तुमी हाये ना साळेबुवा. मी मनातल्या मनात कपाळ बडवून घेतलं.

वीस तारखेला फुलसिंगची जीप केली. फुलसिंग हा आमच्या गावचा जीपवाला. लग्नसराईत नवरदेवाची गाडी म्हणून त्याला दम नसतो, पण आता पौष लागणार, लग्नं बंद, म्हणून मोकळा होता. जीपमध्ये जवाईबुवा, ऋषिकेश, मी आणि संस्कृती. पोरीजवळ मोजायची टेप आणि गावच्या सुताराकडून आणलेली करवत. तिच्या अटी पक्क्या होत्या. झाड तिच्यापेक्षा उंच पाहिजे, शेतातलं पाहिजे, पूर्ण पाहिजे, आणि कापणार तीच. मी बत्तीस वर्षांत इतकी कडक तपासणी करणारा साहेब पाहिला नाही.

वाशीमच्या नर्सरीत गेलो. नर्सरीवाला म्हणाला, आहे ना ख्रिसमस ट्री. कुंडी पुढं आणली. झाड अगदी खरं, अगदी त्याच जातीचं, आणि पोरीच्या गुडघ्याएवढं. तिनं टेप लावली आणि आमच्याकडं पाहिलं. नर्सरीवाला म्हणाला, चांगलं खतपाणी घाला, दहा वर्षांत तुमच्याएवढं होईल. जवाईबुवा त्याला हो म्हणाले.

एकवीसला कोणीतरी सांगितलं, रिसोडकडच्या भाऊसिंगच्या वावरात सुरूची झाडं आहेत, ती हुबेहूब तशीच दिसतात. भाऊसिंग मोठा शेतकरी, दिलदार माणूस. अमेरिकेची पोरगी आपल्या झाडासाठी आली म्हणून त्याला कोण आनंद. आधी चहा, मग हुरडा, मग जेवण, मग पान. चार वाजता झाडाजवळ नेलं. झाड चाळीस फूट. भाऊसिंग म्हणाला, कोनता भाग पाह्यजे ते सांगा, मानूस चढवतो. जवाईबुवा म्हणाले, शेंडा द्या. पोरगी मान हलवायला लागली. शेंडा म्हणजे झाड नव्हे, शेंडा म्हणजे शेंडा. खरं सांगायचं तर तिचं बरोबर होतं. भाऊसिंगलाही ते पटलं आणि त्यानं पुन्हा चहा मागवला.

बावीसला मी साफ सांगितलं की मी येणार नाही. तरी गेलोच. मेडशीच्या पुढच्या जंगलात सागाशिवाय काही नाही हे जवाईबुवांना माहीत नाही असं नाही, पण माणूस बुडायला लागला म्हणजे काडी धरतो. रस्त्याच्या कडेला उतरून पाहत होतो, तेवढ्यात जंगलाचा गार्ड आला. करवतीकडं पाहून त्यानं जवाईबुवांना विचारलं, काका, झाड तोडायला आलात काय? दुसरा कोणीही माणूस काय म्हणाला असता? आमचे जवाईबुवा म्हणाले, हो.

पुढचा एक तास मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. हे म्हातारे आहेत, यांना कोणालाही हो म्हणायची खोड आहे, असं मी गार्डाला परोपरीनं सांगितलं. त्याचा विश्वास बसेना. मग मी म्हटलं, तुम्ही काहीही विचारून पाहा. त्यानं विचारलं, काका, तुम्ही विमान चालवता काय? जवाईबुवांनी त्याच्या चेहऱ्याकडं पाहिलं, बिचारा थकलेला दिसत होता. म्हणाले, कधीमधी. तेव्हा कुठं आम्हाला सोडलं.

तेवीस उजाडला. उज्ज्वलानं बॅगा भरायला घेतल्या होत्या. जवाईबुवांनी चहाला हात लावला नाही. तूर कापणीला आली होती, ते निमित्त करून ते वावराकडं निघाले. ऋषिकेश म्हणाला, जाण्याआधी पोरीला शेत दाखवतो, म्हणून तो, उज्ज्वला आणि संस्कृतीही मागं निघाले. फुलसिंगनं जीपनं नेऊन सोडलं आणि तोही तिथंच थांबला. बाई आधीच शिदोरी घेऊन तिथं गेली होती, आणि मी कुठं जाणार, मीही गेलो. करवत जीपमध्येच पडून होती.

धुऱ्यावर बसून जवाईबुवा नातीला जवळ बोलावायला लागले. त्यांना आज ‘नाही’ म्हणायचं होतं. मी बघत होतो, त्यांचे ओठ हलत होते. पोरी, ते झाड, असं दोनदा झालं आणि पुढं गाडी जाईना. माझ्याच्यानं बघवेना. मी तोंड फिरवलं.

पण पोरगी ऐकत कुठं होती? ती तुरीच्या ओळींत शिरली होती. यंदा तूर माणसापेक्षा उंच झालेली. पिवळी पडलेली, शेंगांनी लगडलेली, ओळीमागं ओळ. पोरगी एका ओळीत शिरायची, दुसरीतून निघायची. विहिरीजवळच्या धुऱ्याला एक तूर एकटी उभी होती, पाणी लागल्यानं अजून बरीच हिरवी आणि चारी बाजूंनी फांद्या फुटलेली. तिच्यापाशी थांबून पोरीनं टेप काढली. मग बापाला हाक मारून तिनं रागानंच विचारलं की आजोबांचं झाडांचं शेत आहे, हे तीन दिवस कोणी सांगितलं का नाही?

ऋषिकेशनं तिला समजावलं की ही डाळ आहे, रोजच्या वरणाची. पोरीनं ते ऐकून घेतलं, पण तिला त्यात अडचण दिसेना. ती सरळ जवाईबुवांसमोर जाऊन उभी राहिली आणि मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, “आजोबा, हे खरं आहे?”

मी तोंड उघडलं होतं. माझा धंदाच तो. पण त्या दोघांचे चेहरे पाहिले आणि मिटलं.

“हो,” जवाईबुवा म्हणाले. “म्याच पेरलं.”

आणि या वेळी त्यात खोटं काहीच नव्हतं.

झालं, पोरीनं करवत मागितली. पण आता बाई आडवी आली. माझी बहीण तशी शांत, पण रीतभातीत कोणाचं ऐकत नाही. ती म्हणाली, उभं हिरवं झाड घरात आणायचं म्हणजे उगाच तोडून आणता येत नाही, त्याला आवतन द्यावं लागतं. आमच्याकडं लग्नाआधी देवक आणतात. म्हणजे नवरा-बायकोनं पदराची गाठ मारून झाडापाशी जायचं, हळदकुंकू वाहायचं, घरी चल म्हणून विनवायचं, मग त्याची डहाळी वाजतगाजत घरी आणायची. बाईला उभं झाड घरात आणायची ही एकच रीत माहीत, दुसरी ऐकलेलीही नाही. अमेरिकेत कसं करतात हे सांगायला ऋषिकेश गेला, तर म्हणाली, तिकडं तुमी काय बी करा, तूर माह्या वावरातली हाये.

फुलसिंगला जीप घेऊन घरी पिटाळलं. तो हळदकुंकू, अक्षता आणि एक कोरा खण घेऊन आला. बाईनं उज्ज्वलाची ओढणी ऋषिकेशच्या उपरण्याला बांधली. उपरणं कुठलं, माझाच मफलर होता. जीन्स घातलेली सून आणि जाकीट घातलेला मुलगा गाठ सांभाळत तुरीला नमस्कार करू लागले. संस्कृतीनंही हात जोडले आणि मग करवत लावली. तिकडं म्हणे अर्धा तास लागतो. इथं दोन हात मारले आणि तूर आडवी. पोरीचं तोंड जरा उतरलं, पण झाड टपावर बांधायचं होतं, त्या गडबडीत विसरली.

आता खरी चूक झाली ती फुलसिंगची. टपावर हिरवं झाड, झाडाला खण बांधलेला, बॉनेटवर हळदकुंकू, आत गाठ मारलेलं जोडपं. पंधरा वर्षं वराती वाहिलेल्या त्या माणसाचा हात आपोआप गाण्यांच्या टेपरेकॉर्डरकडं गेला आणि त्यानं मोठ्यानं सनई लावली. वावरापासून घरापर्यंत दोन किलोमीटर आम्ही सनई वाजवत आलो. लोक ओट्यावर येऊन बघत होते. नेमकी त्याच वेळी समोरून एसटी आली आणि तिच्यातून वैजयंती उतरली. ही जवाईबुवांची धाकटी मुलगी, वाशीमला दवाखान्यात नर्स आहे, तिशीला आली तरी लग्न करत नाही म्हणून गावाला तिची भारी काळजी. ती नाताळच्या सुट्टीला बॅग घेऊन आली होती. तिलाही आम्ही जीपमध्ये घेतलं. मग गावाला आणखी काय पाहिजे?

आम्हाला याचा पत्ताच नव्हता. आम्ही झाड सजवत होतो. तेलाच्या पिप्यात माती भरून तूर उभी केली. बाईनं पिप्याला शेणाचा हात फिरवला आणि भोवती रांगोळी काढली. गणपतीच्या लाइटिंगच्या माळा काढल्या. शेंड्यावर चांदणी लागते म्हणे, तिथं दिवाळीचा छोटा कंदील बसवला. मक्याच्या लाह्या दोऱ्यात ओवून झाडाला घालतात असं पोरगी म्हणाली, तर बाईनं ज्वारीच्या लाह्या फोडल्या आणि सगळ्यांना सुया वाटल्या. सांता ज्यात भेट ठेवतो ते मोजे लागणार होते. आमच्या घरात मोजे घालणारा माणूस मी एकटा. माझे एसटीतले खाकी मोजे धुऊन खिळ्याला टांगले गेले. एका मोज्याला अंगठ्याशी भोक होतं, ते सगळ्यांनी बघितलं.

जवाईबुवा खाटेवरून हे सगळं बघत होते. नात मधूनमधून येऊन त्यांच्या हातात लाह्यांची माळ द्यायची, ते धरून बसायचे. इतकं सुख मी त्यांच्या तोंडावर पूर्वी पाहिलं नव्हतं.

चोवीसला दुपारी पहिल्या आल्या त्या जमनाबाई. गावातल्या सगळ्यांत वयस्कर, आणि सगळ्या लग्नांत पुढं. सोबत दहा-बारा बाया आणि मागं त्यांचे घरवाले. सगळ्यांच्या हातात आहेर. कोणाच्या टॉवेल-टोपी, कोणाच्या खण, कोणाच्या स्टीलचा डबा. तोंडं मात्र फुगलेली. पत्रिका नाही, निरोप नाही, आणि पौषात लगीन? पौषात लगीन म्हणजे नक्कीच काहीतरी घाईचं काम असणार. जमनाबाई मला म्हणाल्या की मी वैजयंतीचा सख्खा मामा असून गावापासून लपवलं. मी जवाईबुवांकडं पाहिलं. एका शब्दाचं काम होतं. लोकांनी विचारलं, रामकिसनभाऊ, वैजूचंच लगीन ना?

जवाईबुवा त्या आहेर घेऊन आलेल्या माणसांकडं पाहून म्हणाले, “या, बसा. जेवूनच जा.”

बसले. आणखी आले. बाईनं पदर खोचला, अंगणात गोवऱ्या पेटवल्या, कणकेचे जाड गोळे निखाऱ्यात भाजायला, म्हणजे रोडगे लावले, वांग्याच्या भाजीचं पातेलं चढवलं. लोक तुरीला येऊन हात जोडत होते, हळदकुंकू वाहत होते. एक-दोघांनी शेंगा दाबून पाहिल्या आणि यंदा दाणा भरलाय म्हणाले. तेवढ्यात कणकेनं भरलेले हात घेऊन वैजयंती बाहेर आली आणि सगळं अंगण तिच्याकडं वळलं. जमनाबाईंनी तिला स्पष्टच विचारलं की नवरदेव कोण, कुठला, आणि अजून आला कसा नाही.

वैजयंती माझी भाची आहे, पण जीभ तिची कोणाचीच नाही. ती शांतपणे म्हणाली, “रात्री येतात ते, मावशी. लय दुरून येतात. लाल कपडे घालतात. अंगानं भरलेले हाये, आन् दाढी पांढरी हाये.”

जमनाबाई मटकन खाली बसल्या. बसल्या बसल्याच त्यांनी विचारलं, “पांढरी म्हंजे किती पांढरी?”

हसून हसून उज्ज्वलाला ठसका लागला. शेवटी बाईच पुढं झाली आणि तिनं सांगून टाकलं. लगीनबिगीन काही नाही. नातीचा अमेरिकेतला सण आहे, त्याला झाड लागतं, झाड मिळालं तरच पोरगी इथं राहणार होती, म्हणून हा सगळा घोळ. लोक एकमेकांकडं बघायला लागले. फुलसिंग मागच्या मागं सटकला. मला वाटलं आता भांडण होतं. पण जमनाबाई उठल्या. म्हणाल्या, आहेर घेऊन घराबाहेर पडलं की तो वापस नेत नसतात, कोणाचा तरी झालाच पाहिजे. या सणात तो कुठं ठेवतात?

संस्कृतीनं बोट दाखवलं. झाडाखाली. जमनाबाईंनी आपला डबा तुरीखाली ठेवला, मग एकामागून एक सगळ्यांनी ठेवले. दोन मोठे ढीग झाले. पोरगी एकदा ढिगाकडं आणि एकदा बापाकडं बघत होती. तिकडं म्हणे तिला पाच-सहा भेटी मिळतात.

रात्री तिनं सांतासाठी दुधाचा पेला आणि एक रोडगा ठेवला. सकाळी दोन्ही फस्त. जवाईबुवांच्या मिशीला दुधाची साय होती, पण ते मी कोणाला सांगितलं नाही.

पंचवीसला सकाळी आहेर उघडायला पुन्हा अर्धं गाव जमलं. लग्नात आहेर पुकारतात, तशी नावं पुकारायचं काम माझ्याकडं. मी उभा राहून ओरडत होतो आणि पोरगी कागद फाडत होती. जमनाबाईकडून स्टीलचा डबा. अमक्याकडून भिंतीवरचं घड्याळ. तमक्याकडून टॉवेल-टोपी. ती टोपी तिनं लगेच डोक्यावर चढवली आणि दिवसभर काढली नाही. प्रत्येक वस्तूला ती ‘थँक्यू’ म्हणायची आणि देणारा लाजायचा. मोज्यांत तिळाचे लाडू निघाले. भोकाच्या मोज्यातला एक खाली पडला होता, त्याला मुंग्या लागल्या होत्या.

सव्वीसला सकाळी उज्ज्वलानं पुन्हा बॅगा काढल्या. ठरलं होतं, ते मोडता येत नव्हतं. पुण्याचे आजोबाही रोज फोन करत होते, तेही नातीसाठी तेवढेच झुरत असणार. संस्कृती झाडाच्या माळा उतरवायला लागली. म्हणाली, आमच्याकडं सण झाला की झाड रस्त्याच्या कडेला ठेवतात, मोठा ट्रक येऊन घेऊन जातो.

जवाईबुवा खाटेवरून उठलेच. भरल्या शेंगांची तूर रस्त्यावर? त्यांना ते सहनच झालं नाही. त्यांनी ऋषिकेशकरवी पोरीला समजावलं. हे झाड फेकत नाहीत. हे वाळवायचं, मग काठीनं कुटायचं, सुपानं पाखडायचं, जात्यावर भरडायचं, म्हणजे त्याची डाळ होते आणि डाळीचं वरण. पोरीचे डोळे मोठे झाले. तिला एवढंच कळलं की ख्रिसमसचं झाड खाता येतं. तिच्या शाळेत कोणीही आजवर आपलं झाड खाल्लं नव्हतं. तिनं विचारलं, वाळायला किती दिवस?

जवाईबुवांनी तुरीला हात लावून पाहिलं. शेंग कानाशी धरून वाजवली. माझ्या हिशेबानं ती तूर दोन दिवसांत कुटायला आली असती. मी शेतकऱ्याचा मुलगा आहे, मला कळतं.

“आठ दिवस,” ते म्हणाले.

उज्ज्वलाही माझ्याकडं बघत होती. मी छताकडं पाहिलं. तिनं मग बॅगा खाटेखाली सारल्या.

त्या आठ दिवसांत पोरगी सकाळी उठली की पहिल्यांदा शेंग तोडून वाजवायची आणि आजोबांच्या कानाशी धरायची. ते म्हणायचे, अजून ओली हाये. लाइटिंगच्या माळा पुन्हा चढल्या होत्या, शेंगा घरात तडकत होत्या, दाणे बिछान्यात सापडत होते, तरी तूर ओलीच होती. दिवसभर ती वैजयंतीमागं नाहीतर जमनाबाईच्या नातवंडांत असायची. टोपी डोक्यावरच.

दोन जानेवारीला अंगणात ताडपत्री अंथरली. संस्कृतीनं दोन्ही हातांनी काठी धरली आणि आपलं ख्रिसमसचं झाड कुटायला लागली. जवाईबुवा सुपात पाखडत होते. तेवढ्यात पुण्याच्या आजोबांचा फोन आला. उज्ज्वलानं तो पोरीच्या कानाला लावला. ते आपल्या शुद्ध भाषेत विचारत होते की बाळा, दोनच दिवस उरलेत, तुम्ही निघताय कधी?

पोरीनं टोपी मागं सारली.

“आजोबा, मले आता नाई येता येत,” ती म्हणाली. “झाड कुटून राह्यली ना मी.”

फोन आईच्या हातात देऊन तिनं पुन्हा काठी उचलली. तिकडून आजोबा विचारत होते, काय म्हणाली ती? जवाईबुवांच्या हातातलं सूप थांबलं होतं. ते रडत होते, सगळ्यांसमोर, तोंड न लपवता. मलाही रडू आलं, खोटं कशाला बोलू. शेवटी जवाईबुवांनीच उठून उज्ज्वलाच्या हातातून फोन घेतला.

“व्याहीबुवा, तुमीच या इकडं,” ते म्हणाले. “विमानाच्या आधी या. वरण अजून शिजाचं हाये.”